पाचव्या बलाची दुरुस्ती

परवा बाजारात आमचे विज्ञानाचे सर भेटले. निवृत्त झालेत, पण नजर अजून पेपर तपासणाऱ्याचीच. पिशवी खाली ठेवून म्हणाले, "अरे, तुझ्या त्या पाचव्या बलाचं पुढे काय झालं?"

मला आधी कळेचना. मग आठवलं, आणि कानशिलं तापली.

एप्रिल २०२१. दुसरी लाट. पानभर ऑक्सिजन, बेड, मृतांचे आकडे. ७ तारखेला रात्री एजन्सीची बातमी आली. शिकागोजवळच्या फर्मिलॅबमध्ये म्युऑन नावाचा कण गणितात बसत नाहीये. निसर्गातल्या चार बलांपलीकडे कदाचित आणखी काही असेल. बातमीत 'कदाचित' होतं. मी शीर्षक दिलं, 'निसर्गातील पाचव्या बलाचा शोध!' उद्गारचिन्हासकट. त्या दिवसांत काहीतरी चांगलं छापावंसं वाटत होतं हे खरं, पण तेवढ्याने मी सुटत नाही. शाळा उघडल्यावर सरांनी ते कात्रण फलकावर लावलं होतं.

म्हणून रात्री वाचत बसलो.

म्युऑन हा इलेक्ट्रॉनचा सुमारे २०७ पट जड भाऊ. चुंबकीय क्षेत्रात भोवऱ्यासारखा डुलतो. त्याच्याभोवती क्षणभर उगवून विरणारे कण त्या डुलण्याला किंचित धक्का देतात. माहीत असलेले सगळे कण धरून गणित केलं आणि मोजमाप तरी जुळलं नाही, तर हिशेबाबाहेरचं कुणीतरी तिथे असू शकतं. २०२१ मध्ये फरक ४.२ सिग्मा होता, म्हणजे निव्वळ योगायोगाची शक्यता साधारण ४० हजारांत एक. शोध म्हणायला पाच सिग्मा लागतात, साधारण ३५ लाखांत एक. म्हणजे माझं शीर्षक त्याच दिवशी चूक होतं.

आणि गंमत बघा, त्याच दिवशी 'नेचर'मध्ये आणखी एक निबंध आला होता. बुडापेस्ट, मार्से आणि वुपर्टालच्या गटाने अवकाश-काळाची जाळी कल्पून महासंगणकावर तेच गणित वेगळ्या पद्धतीने केलं होतं. त्यांचं उत्तर प्रयोगाच्या बरंच जवळ जात होतं. तो मी पाहिलाही नाही. पाहिला असता तरी शीर्षक काय देणार, 'गणित बहुधा जुळते'?

मे २०२५ मध्ये या विषयावरच्या सिद्धांतकारांच्या आंतरराष्ट्रीय गटाने जाळीची पद्धत धरून नवा आकडा दिला. जूनमध्ये फर्मिलॅबचं अंतिम मोजमाप आलं, अब्जात १२७ भाग इतकं अचूक. मोजमाप जागचं हललं नव्हतं. हललं होतं ते गणित. आता दोन्हींत फरक दिसत नाही.

जुनं गणित इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींच्या नोंदींवर उभं होतं. २०२३ मध्ये रशियातल्या नोवोसिबिर्स्कच्या नव्या नोंदी जुन्यांशी जुळल्या नाहीत, आणि का जुळत नाहीत ते कोडं शिल्लक आहे. पाचवं बल नाहीच, असं कुणी सिद्ध केलेलं नाही. म्युऑनची साक्ष तेवढी गेली.

आमच्याकडे श्रद्धांजलीच्या जाहिरातीत नाव चुकलं की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापतो, कारण घरचे ऑफिसात येऊन बसतात. म्युऑनच्या घरचं कोण येणार? वरिष्ठांना विचारलं, तर म्हणाले, "एवढ्या जुन्या बातमीची दुरुस्ती कोण वाचतं?"

म्हणून इथे लिहितोय. शाळेतलं कुणी हे वाचत असेल आणि ते कात्रण अजून फलकावर असेल, तर काढू नका, शेजारी हे लावा. प्रिंट मी आणून देतो.