बादली, भाण आणि कान

माझी धाकटी बहीण देवासला दिलेली. गोव्यातली मुलगी एवढ्या लांब माळव्यात कशी, असं लोक अजून विचारतात. पण देवास म्हणजे पवारांचं संस्थान. थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात दोन! त्यामुळे मराठी घरं तिथे पिढ्यान्‌पिढ्या नांदताहेत. आपल्याला मात्र देवास ठाऊक ते कुमार गंधर्वांमुळे. मीही दर खेपेला टेकडीवरच्या देवीचं दर्शन घेतो, कुमारांच्या घरावरून एक फेरी मारतो आणि बहिणीच्या हातची पुरणपोळी खाऊन परततो.

गेल्या मार्चमधली खेप जरा वेगळी झाली. होळी तोंडावर आली होती. रात्री दोनच्या सुमाराला जिन्याखालच्या खोलीत धाडधाड आवाज झाले. बहिणीला वाटलं सिलिंडरच गेला. दार उघडून बघतो तर फरशीवर फेस, काचांचा खच आणि गव्हाचं पोतं भिजून चिंब. भाचा मान खाली घालून उभा.

"मामा, मी बिअर करून राहिलो होतो..."

हा भाचा पीथमपूरला कारखान्यात नोकरीला आहे, शनिवार-रविवार घरी येतो. इंटरनेटवर बघून त्याने मोड आणून वाळवलेले जव, हॉप्स नावाच्या वेलीची फुलं आणि यीस्टची पुडी मागवली होती. जवात असतो तो स्टार्च. त्याला मोड आणले आणि मग बेताच्या गरम पाण्यात ठेवलं की त्याची साखर होते. ती साखर यीस्ट खातं आणि दारू व कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. १८७६ साली लुई पाश्चरने बिअरवर अख्खं पुस्तक लिहिलं, ते या यीस्टच्याच करामतींवर. भाच्याने सगळं अगदी व्यवस्थित केलं होतं. चूक एकच. व्हिडिओवाल्याने सातव्या दिवशी बाटल्या भरा म्हणून सांगितलं, याने सातव्या दिवशी भरल्या. तो महिना होता जानेवारी. माळव्यातल्या थंडीत यीस्ट अर्धवट झोपलेलं, बरीच साखर शिल्लक. मार्चचं ऊन पडलं तसं ते जागं झालं आणि बंद बाटलीत पुन्हा कामाला लागलं. वायूला वाट कुठे?

बहीण रागावली ते योग्यच होतं. मीही कारकुनी बाण्याने सांगितलं, की १९१५ च्या अबकारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा गुन्हा आहे. तो म्हणाला, "मामा, तुम्ही तर गोव्याचे! तुम्हाला हे आलंच पाहिजे."

मी काही बोललो नाही. कारण फरशी पुसताना त्या आंबूस वासाने माझं केव्हाच सत्तरीतल्या आमच्या काजूच्या भट्टीत नेऊन बसवलं होतं.

माझे बाबा हुर्राक आणि फेणी काढायचे. झोनची पावणी झाली की आमचं घर जूनपर्यंत भट्टीवरच. कातळात खोदलेल्या कोळंबीत बोंडू पायांनी तुडवायचे, निरो गाळून आंबायला ठेवायचा. त्यात यीस्ट घालावं लागत नाही, ते फळाबरोबरच येतं. आणि साखर तर आयतीच असते. दोन-तीन दिवसांनी भाणात घालून चूल पेटवली की पहिल्या धारेचा हुर्राक. हुर्राकात पुन्हा निरो मिसळून उकळलं की फेणी. हे सगळं मला पाठ आहे, पण ते पुस्तकातल्यासारखं. हाताने मी कधी काही केलं नाही. कॉलेजात वडिलांचा धंदा विचारला की मी "शेतकरी" लिहायचो. मराठी घेऊन बी.ए. झालो, सरकारी नोकरी लागली आणि भट्टीकडे पाठ फिरवली. बाबांनी एकदा म्हटलं होतं, "रविवारी तरी येऊन बस." मी गेलो नाही. २००९ साली काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी बाबा गेले. पुढे २०१६ साली सरकारने फेणीला राज्याचं वारसा पेय म्हणून मान्यता दिली. त्याची कात्रणं मी कौतुकाने जपून ठेवली आहेत. आता तो वारसा!

असो. भाच्याच्या कारखान्यातला एक भिलाला मित्र मनावरच्या पुढच्या गावचा, धार जिल्ह्यातला. बाटल्यांची गोष्ट ऐकून तो पोट धरून हसला आणि म्हणाला, रविवारी घरी या, माझी आई दाखवील. भगोरियाचे दिवस होते. वाटेत बाजाराला निघालेल्या रंगीत लुगड्यांच्या रांगा, कुठे ढोल. घराच्या मागे मोहाचं झाड. मोहाची फुलं पहाटे गळतात, म्हणून बायका अंधारातच टोपल्या घेऊन जातात. वाळली की मनुकांसारखी दिसतात आणि तितकीच गोड लागतात. तीच पाण्यात भिजवून आंबवायची. दारू होईल तेवढी होते, पण भुकेच्या दिवसांत हीच फुलं माणसांच्या पोटातही जातात. मुंबई इलाख्यात इंग्रजांनी १८९२ साली मोहाफुलांसाठी वेगळा कायदा केला. हेतू एकच, घरगुती दारू बंद करून महसूल वाढवणं. मध्य प्रदेशात आज आदिवासींना घरच्यापुरती दारू गाळण्याची मुभा आहे, आणि २०२२ साली सरकारने हेरिटेज मदिरेचं धोरणही आणलं. म्हणजे फेणीच्याच वाटेने मोहही निघाला म्हणायचा.

भाच्याने वही काढली. किती फुलं, किती पाणी, किती दिवस? म्हातारी हसली. दिवस ती मोजतच नाही. थंडीत जास्त लागतात, उन्हाळ्यात कमी. मग कळतं कसं? ती उठली, मडक्यावरचं झाकण सारलं आणि मडक्याला कान लावला. आम्हालाही लावायला सांगितला. आत बारीक चुरचुर चालली होती, तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तशी. हा आवाज विझत आला की चुलीवर चढवायचं, त्याआधी नाही.

मी कान लावून वाकलो तो बराच वेळ तसाच राहिलो. भाच्याला वाटलं माझी कंबर धरली. बाबा निऱ्याच्या पिंपाला असाच कान लावायचे. लहानपणी मला वाटायचं, ते आतल्या कोणाशी तरी बोलताहेत!

परतताना भाचा म्हणाला, "मामा, व्हिडिओवाल्याने हे सांगितलंच नाही." तो तरी कसं सांगणार? कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी होऊन देवासला आले. गाणं बंद. त्या वर्षांत त्यांनी माळव्यातल्या बायकांची लोकगीतं ऐकली आणि पुढे त्यातूनच नवे राग बांधले. त्या बायकांनी त्यांना वहीत काही लिहून दिलं नव्हतं. आमची गोष्ट अर्थातच एवढी मोठी नाही. पण ऐकणारा जवळ बसलेला असला तरच हे पुढे जातं, एवढं मला त्या दिवशी नीट कळलं. बाबांजवळ बसायला मीच नव्हतो.

भाच्याच्या बादलीत आता बहीण लोणच्याच्या कैऱ्या मुरवते. आमचं तांब्याचं भाण माळ्यावर होतं, ते मी एप्रिलात उतरवून चिंचेने घासलं. परवाना नाही, तेव्हा ते वापरायचा प्रश्नच नाही. पण गावात ज्याने यंदा पावणीत झोन घेतला, त्याच्या भट्टीवर एका रविवारी जाऊन बसलो. निऱ्याच्या पिंपाला कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि मोठ्या ऐटीत म्हटलं, "झालं हे."

त्याने स्वतः कान लावला. "ना रे. फाल्यां."

दुसऱ्या दिवशी सोमवार. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.