गावठी की बेळगावची?

बेळगावाहून म्हापशास जायचे तर जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्याचा घाट उतरावा, हेच आम्हां बेळगावकरांना सोयीचे. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे निघून जाते. आपण तिच्याकडे पाठ करून पश्चिमेची वाट धरायची. गेल्या माघात नणंदेकडे जाण्यासाठी मी या वाटेने निघाले, तेव्हा नीटसे उजाडलेही नव्हते. आमच्या पुढे भाजीने भरलेला एक टेंपो सावकाश घाट उतरत होता. ताडपत्रीच्या कडेने कोबीचे गड्डे आणि मुळ्याची पाने डोकावत होती. भाजी आमच्याच भागातली, आणि आमच्यासारखीच गोव्याला पाहुणी निघालेली!

गोव्याच्या स्वयंपाकघरांत बेळगावचा भाजीपाला कित्येक वर्षे जात आहे. गोवा सरकारच्या फलोत्पादन महामंडळाच्या दुकानांतून सवलतीने मिळणारी भाजीदेखील पुष्कळ अंशी इकडूनच येते. तेव्हा तिकडच्या बाजारात आपल्या गावाचे नाव मानाने घेतले जात असेल, अशी माझी भाबडी समजूत होती. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराने ती तासाभरात दूर केली.

हा बाजार ज्यांनी पाहिला नसेल, त्यांनी एकदा अवश्य पाहावा. बार्देश तालुक्यातल्या गावोगावच्या बाया सकाळीच आपापल्या टोपल्या घेऊन येतात आणि ठरलेल्या जागी बसतात. लालचुटुक तांबडी भाजी, अळसाणे, नारळ, सोले, उकडे तांदूळ, माडाचा गूळ. पलीकडे जवळच्याच मयडे गावची जाडजूड केळी. काणकोणातल्या खोल्याच्या मिरचीला २०१९ मध्ये आणि गोव्याच्या माणकुराद आंब्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण गोमंतकीय गृहिणीने आपल्या परीने हे मानांकन केव्हाच देऊन टाकले होते. तिचा शब्द एकच : ‘गावठी’.

माझ्या नणंदेला (आम्ही त्यांना वन्सं म्हणतो) वांगी हवी होती. त्यांच्या नेहमीच्या बाईपुढे दोन ढीग होते. एकातली वांगी सारख्या आकाराची, चकचकीत, डाग शोधून सापडू नये अशी. दुसऱ्यातली लहानमोठी, एखाद्यावर भोकही. वन्संनी विचारले, “गांवठी खंयची?” बाईने दुसऱ्या ढिगाकडे बोट केले आणि पहिल्याकडे पाहून सरळ म्हणाली, “ती बेळगांवची.”

“मग ती नको,” वन्सं सहज बोलून गेल्या, आणि मी शेजारी उभी असल्याचे ध्यानात येताच ओशाळल्या. “वहिनी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं.”

मनाला लागले होतेच. माझे माहेर बेळगाव तालुक्यातलेच एक खेडे. दादा आजही तिथे वांगी, भेंडी, कोबी पिकवतो आणि त्याचा माल गोव्याला जातो. त्या ढिगातली वांगी त्याची नसतीलच, असे मी कशाच्या आधाराने म्हणावे?

परतताना मी वन्संना छेडलेच. नारळाच्या भावात घासाघीस करणाऱ्या वन्संनी गावठी वांग्यांना दीडपट पैसे निमूट का मोजले? त्यांनी एकेक कारण सांगितले. चव निराळी असते, लवकर शिजतात, दूरचा प्रवास नसल्यामुळे ताजी असतात, आणि मुख्य म्हणजे त्यांवर औषध मारलेले नसते.

“तिचे शेत तुम्ही पाहिले आहे?”

“नाही बाई. पण अठरा वर्षे तिच्याकडून घेते. एकदा वांगी कडू निघाली, तेव्हा पुढच्या शुक्रवारी तिला ऐकवले. पुन्हा तसे झाले नाही. बेळगावच्या भाजीबद्दल मी कोणाला ऐकवू?”

या उत्तराने मी विचारात पडले. खरे पाहता गावठी म्हणजे सेंद्रिय नव्हे. परसातल्या वाफ्यालाही कोणी युरिया घालू शकते, फवारू शकते. आपल्याकडे २००१ पासून सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. हंगामी पिकांचे शेत सेंद्रिय ठरण्यास त्यात साधारण दोन वर्षांचा संक्रमणकाळ धरला आहे. २०१७ च्या नियमांनी ‘जैविक भारत’ हे चिन्हही आले. तरी शेतकऱ्याने आपला माल स्वतः थेट ग्राहकाच्या हाती दिला, तर लहान उत्पादकाला या प्रमाणपत्रातून सूट आहे. म्हणजे देणारा आणि घेणारा समोरासमोर असतील, तर त्या विश्वासाला कायद्यानेही जागा ठेवली आहे.

वन्संच्या सूनबाईंचा अनुभव मात्र निराळा. त्या नोकरी करतात. शुक्रवारचा बाजार त्यांना गाठता येत नाही. बाळाच्या पेजेसाठी नाचणी आणताना त्या पुडक्यावरचे चिन्ह बघून घेतात. बाकीच्या घरासाठी साधे धान्य, बाळापुरते चिन्हाचे! मी हसले, तर म्हणाल्या, “मामी, सगळ्यांसाठी परवडत नाही. म्हणून ज्याची काळजी जास्त, त्याच्यासाठी घ्यायचे.” एकाच घरात सासूने ओळखीच्या चेहऱ्यावर भरवसा ठेवला आणि सुनेने चिन्हावर. दोघींना हवे होते एकच : विचारले तर उत्तर देणारे कोणीतरी.

परतल्यावर दुसऱ्याच आठवड्यात माहेरी गेले. विहिरीजवळ दोन वाफे घरच्यासाठी राखलेले आहेत, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. त्यांवर दादा औषध मारत नाही. आजवर ती बाब मला कौतुकाची वाटे. त्या दिवशी ती बोचली. मी म्हापशाची हकीकत सांगून विचारले, “दादा, आपण खातो ते वेगळे आणि विकतो ते वेगळे, हे बरे आहे का?”

दादा रागावला नाही. त्याने एक भोक पडलेले वांगे तोडून माझ्या हातावर ठेवले. “या भोकातून अळी बाहेर पडून गेली. आत शिरते तेव्हा तिचे भोक बुजून जाते, दिसतच नाही. पण बाजाराला हे दिसले की संपले! व्यापारी पाटीत हात घालतो, अशी चार वांगी निघाली की सगळ्या पाटीचा भाव पाडतो. औषधाच्या डब्यावर लिहिलेले असते, फवारल्यावर इतके दिवस तोडू नका. वांगी तर तीन-चार दिवसांनी तोडावीच लागतात. मी काय करू, सांग. तू बेळगावात वांगी घेतेस, तेव्हा कशी निवडतेस?”

मी गप्प बसले. वाचकहो, मी वांगी कशी निवडते? आपण सर्वजणी निवडतो तशीच : फिरवून, उजेडात धरून, डाग नसलेली. ओळखीच्या बाईच्या टोपलीतले भोक आपल्याला शुद्धतेची खूण वाटते. अनोळखी पाटीतले तेच भोक खोट वाटते. ज्याला काही विचारता येत नाही, त्याची पारख आपण केवळ रूपावरून करतो, आणि ते रूप राखण्यासाठी शेतकरी फवारतो. दादाच्या हातातला पंप चालतो तो आमच्याच नजरेच्या इशाऱ्यावर.

निघताना दादा म्हणाला, “तुमच्या गल्लीतली पाच घरे डागी माल घ्यायला तयार असतील, तर आणखी दोन वाफे बिनऔषधाचे ठेवतो. भाव थोडा जास्त पडेल. माल कमी निघतो. आणि दर आठवड्याला घ्यावे लागेल, मन झाले की नव्हे.”

मी घरोघर विचारले. पहिल्या घरी नातू आजारातून उठला होता. त्या लगेच तयार झाल्या. दुसऱ्या घरच्या माझ्यावरच्या लोभाने हो म्हणाल्या. तिसऱ्या घरी आधी भाव विचारला, मग चार दिवस विचार केला आणि होकार कळवला. चौथीला अळीची किळस येते. पाचवीने स्पष्ट सांगितले, “तुमचे दादा फवारणार नाहीत, हे आम्ही कशावरून मानायचे?”

मला तिचा राग आला नाही. वन्संना मी हेच तर विचारले होते. तिला एवढेच म्हटले, “येत्या रविवारी माझ्याबरोबर शेतावर चला.” ती येते म्हणाली आहे. दादाने मात्र तिची वाट न पाहता वाफे तयार करायला घेतले आहेत.