गुबगुबीत अक्षरे

देवनागरीचा पिंड बोरूचा. तिरक्या कापलेल्या टोकामुळे जाड-बारीक आपोआप उमटायचे. सगळीकडे सारख्या जाडीचे, गोल टोकांचे ठळक अक्षर काढायचे तर बोरू विसरूनच बसावे लागते.

*

‘मोदक’ हा फॉन्ट मुंबईच्या ‘एक टाइप’चा. देवनागरी सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांची. अक्षर इतके लठ्ठ की पोटातली पांढरी जागा जवळजवळ संपलेली. उरते ती बारीक फट. आता ‘व’ आणि ‘ब’ यांत फरक काय, तर पोटातली एक तिरकी रेघ. पोटच भरून गेले तर ‘वाळ’ कुठले आणि ‘बाळ’ कुठले? ‘म’ची गाठ, ‘क्ष’चा गुंता, सगळे त्या फटींनीच सांगायचे. इथे काळे काढण्यापेक्षा पांढरे कोरण्यात खरी कारागिरी आहे.

*

पहिल्या वेलांटीचे दुखणे वेगळेच. ‘रि’ला आखूड कमान पुरते, ‘णि’ला लांब लागते, जोडाक्षर आले की आणखी लांब. एकाच मापाची वेलांटी सगळ्यांच्या डोक्यावर ठेवणारे फॉन्ट आहेत. बारीक अक्षरात ते खपून जाते, लठ्ठ अक्षरात लगेच डोळ्यांत भरते. ‘मोदक’साठी ही जुळवाजुळव करणारे अल्गोरिदम गिरीश दळवींनी लिहिले.

*

आडवी रेघ उभ्या रेघेइतकीच जाड काढली तर डोळ्याला ती जास्त जाड भासते. म्हणून शिरोरेषा जरा बारीक करायची. मापपट्टीचे इथे ऐकू नये.

*

‘एक टाइप’चाच ‘बालू’ हा फॉन्ट जास्त कामाचा. भारतातल्या बहुतेक प्रमुख लिप्यांत तो आहे आणि नावेही भावंडांसारखी: गुजराती भाई, बंगाली दा, तमिळ तंबी, मल्याळी चेट्टन, पंजाबी पाजी. आधी एकच ठळक वजन होते. ‘बालू 2’मध्ये 400 ते 800 अशी पाच झाली. फुकट आणि मुक्त परवान्याचा, त्यामुळे जिकडे तिकडे दिसतो. थोडा जास्तच.

*

गोल टोकांना यंत्राचेही कारण असते. राउटरचे फिरते पाते गोल, त्यामुळे अॅक्रिलिकच्या पाटीत आतला कोपरा टोकदार निघतच नाही. निऑनची नळी तर मुळातच गोल.

*

गोल टोकांच्या फॉन्टचे परदेशातले उदाहरण ‘व्हॅग राउंडेड’. 1979 मध्ये फोक्सवॅगन-ऑडीच्या विक्रेत्यांसाठी केलेला; पुढे अॅपलच्या कीबोर्डवर वर्षानुवर्षे तोच होता.

*

बालपुस्तकाचे मुखपृष्ठ, चिवड्याचे पाकीट, गणपतीचा फलक: तिथे गुबगुबीत अक्षर जरूर. औषधाच्या बाटलीवरची मात्रा: मुळीच नको. श्रद्धांजलीच्या फलकावर ‘भावपूर्ण’ हा शब्द मोदकासारखा फुगलेला पाहिला की दुःखातही हसू येते.

*

दोन ओळींत जागा सोडावी. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार या जाडीत एकमेकांत घुसतात.