ताप साधा नव्हता

आमच्या आबांनी जन्मात दारूचा थेंब घेतला नाही. पंचशील त्यांनी नुसते विहारात म्हटले नाही, पाळले. तरीही २०१९ साली त्यांना रक्ताची उलटी झाली, यकृत खराब निघाले आणि वस्तीत कुजबुज सुरू झाली. खरे कारण होते हिपॅटायटिस बी. पण लाजेपोटी आम्ही आजारच लपवला.

यकृत घट्ट झाले की आतड्यांकडून येणारे रक्त तुंबते. मग अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात, फुटतात. दुर्बिणीतून शिरा बांधूनही आबांचे रक्त थांबेना. तेव्हा डॉक्टरांनी मानेच्या शिरेतून जाऊन यकृताच्या आतच जाळीची नळी बसवली. याला ‘टिप्स’ म्हणतात. तुंबलेल्या रक्ताला पोट न फाडता वाट मिळते. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे १९८८ साली अशी जाळी माणसाला प्रथम बसवली गेली.

दीड महिन्याने आबांना थंडी वाजून ताप आला. आम्ही तापाची गोळी दिली. ताप उतरला, पुन्हा चढला. चौथ्या दिवशी आबा भलतेच बोलू लागले, नातवाला ओळखेनात. शेजारच्या मावशी म्हणाल्या, “बाहेरचं आहे, उतारा टाका.” बावीस प्रतिज्ञा पाठ असलेले आम्ही नाही म्हणालो. पण दवाखान्यात तरी कुठे नेले? ती रात्र तशीच काढली.

सकाळी डॉक्टरांनी समजावले. यकृत ही रक्ताची चाळण. आतड्यांतून आलेले जंतू ते अडवते. नळीमुळे बरेच रक्त न चाळता पुढे जाते. नळीलाच जंतू चिकटले तर ते पुन्हा पुन्हा रक्तात उतरतात, आणि नळी तर यकृतात रुतलेली, काढता येत नाही. या संसर्गानेच आबांच्या डोक्यावर परिणाम झाला होता. रक्ताचे कल्चर केले, जंतू सापडले. सहा आठवडे अँटिबायोटिक चालले. आबा बचावले.

घाणीत पडलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः स्नान घातले. त्याआधी त्यांनी विचारले, की तुला काय होते आहे आणि तुझी शुश्रूषा करणारे कोणी आहे का?

बंधू-भगिनींनो, आजार लपवू नका. नळी बसवलेल्या माणसाला ताप आला, थंडी वाजली किंवा बोलणे बिघडले, तर मनाने गोळी देऊन वाट पाहू नका. त्याच दिवशी इस्पितळ गाठा आणि नळी बसवल्याचे कागद सोबत न्या.

जयभीम.