थँक यू, स्टॅन आणि पोस्टकार्डं

गायिका डायडोचं ‘थँक यू’ आमच्यातल्या अनेकांनी पहिल्यांदा ऐकलं ते रॅपर एमिनेमच्या ‘स्टॅन’मध्ये, 2000 साली. गार झालेला चहा, खिडकीबाहेरचा पाऊस, भिंतीवरचा फोटो एवढंच त्यात पुन्हा पुन्हा येतं. मूळ गाणं पुढे प्रियकराचे मनापासून आभार मानतं. एमिनेमने ते आभारच गाळले आणि उरलेल्या उदासीत स्टॅन नावाच्या एका चाहत्याची पत्रं मांडली.

पत्रं आम्हीही लिहायचो. आकाशवाणीच्या ‘आपली आवड’ला पोस्टकार्ड टाकायचं, घरातल्या सगळ्यांची नावं बारीक अक्षरात त्यावर कोंबायची आणि निवेदिका नावं वाचू लागली की रेडिओला कान लावून बसायचं. आवडत्या गायकाला लिहायचं तर आधी वहीच्या मागच्या पानावर कच्चं, मग पक्कं. सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट. उत्तर बहुधा येत नसे.

आता गाणं संपायच्या आत गायिकेला चार शब्द लिहिता येतात, तिने पाठवलेला बदाम लगेच दिसतो. गावातल्या मुलीचं म्हणणं थेट लंडनला पोचतं, ही फार मोठी गोष्ट आहे. आमच्या वेळी परदेशी टपालाचा खर्चच परवडत नसे.

शिवाय वाट पाहण्याचे गोडवे गावेत, तर ‘स्टॅन’ आडवा येतो. उत्तर येत नाही म्हणून तो आतून पोखरला जातो, शेवटचा निरोप गाडी चालवत कॅसेटवर बोलतो आणि गरोदर प्रेयसीसकट पुलावरून खाली जातो. एमिनेमचं पत्र समजूतदार आहे, पण ते लिहायला उशीर झालेला असतो. त्या उशिराने आमच्यातलेही किती जण झुरले असतील.

डायडोलाही या रॅपची खबर पत्रानेच लागली: तुमचं गाणं वापरलंय, आवडेल अशी आशा आहे. तिला ते आवडलं आणि व्हिडिओत स्टॅनची प्रेयसी तीच झाली. आज कुणीही एखादं हळवं गाणं उचलून दुपारी त्यावर रॅप चढवतो, संध्याकाळी ते रीलमध्ये वाजतं. मूळ गायिकेला ते कळतं की नाही, कोण जाणे.

मला चुटपुट लागते ती त्या कच्च्या पानाची. गाण्यातलं नेमकं काय भिडलं, हे तिथल्या खाडाखोडीत सापडायचं. बदाम पाठवताना ते शोधावंच लागत नाही. आमच्या मुलांना ते शोधायला लावणारं दुसरं काही मला अजून दिसलेलं नाही.