लीद, पेंढा आणि जयणा

माथेरानच्या बाजारपेठेत आमच्या घराण्याचे दुकान आहे. या गावी खासगी मोटारी दस्तुरी नाक्यापर्यंतच येतात. त्यापुढे प्रवासी आणि माल यांची बरीच वाहतूक आजही घोड्यांच्या पाठीवरून व माणसांच्या बळावर होते. आमच्या दुकानातील साखरेच्या गोणीपासून तेलाच्या डब्यापर्यंत कितीतरी जिन्नस घोड्यांनी वाहून आणलेले असतात. आमच्या गल्ल्यात पडणाऱ्या रुपयात त्या मुक्या जिवाच्या श्रमाचा वाटा आहे, हे आमचे मामंजी नेहमी सांगत असत.

घोडा माल पोहोचवतो, तशी मागे लीदही ठेवतो. पूर्ण वाढीचा घोडा दिवसाकाठी वीस-पंचवीस किलो लीद व मूत्र टाकतो. डोंगरावरील लहान चणीचे तट्टू त्याहून कमी. उन्हाळ्यात ही लीद तांबड्या धुळीत मिसळून उडते आणि पावसाळ्यात ओहोळांबरोबर उताराला लागते. दुसरीकडे आमच्या परसातील जांभ्या दगडावरची पातळ माती चार महिन्यांच्या पावसात धुऊन निघते. जास्वंद, मोगरा आणि लिंबू कसेबसे तग धरून असत. शेजारच्या तबेल्यातील लीद आणि घोड्यांखाली अंथरलेला पेंढा आणून खत करावे, असा विचार काही वर्षांपूर्वी मी घरात मांडला.

सासूबाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि एकच प्रश्न विचारला, “सूनबाई, खत होईल खरे, पण त्या ढिगात किती जीव उपजतील आणि किती मरतील, याचा हिशोब कोण ठेवणार?”

पाणी गाळून पिणाऱ्या आणि सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरात हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. “तुम्ही नको म्हणालात, तर मी ढीग रचणार नाही, आई,” असे मी त्यांना सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, “नको म्हणत नाही. आधी नीट समजून घे, मग मला सांग.”

घोडा रवंथ करणारा प्राणी नाही. त्याच्या पोटात गवताचे तंतू गाईच्या मानाने कमी पचतात. म्हणून लीद भरड आणि मोकळी असते, तिच्यात हवा खेळते आणि ती लवकर तापते. कुजण्याच्या क्रियेला कर्ब आणि नत्र यांचा मेळ लागतो. साधारण पंचवीस ते तीस भाग कर्बास एक भाग नत्र असे प्रमाण उत्तम मानतात, आणि निव्वळ लीद त्याच्या आसपास असते. पेंढ्यात कर्ब पुष्कळ अधिक, परंतु तबेल्यातील पेंढा मूत्राने भिजलेला असल्याने नत्रही बरोबर आणतो. लाकडाचा भुसा अंथरलेला असेल, तर मात्र कर्ब फारच वाढतो; तो कुजण्यास फार काळ लागतो आणि अर्धवट कुजलेला घातल्यास मातीतील नत्र ओढून घेतो.

या विद्येचा एक मोठा अध्याय आपल्याच देशात लिहिला गेला. अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे शेतीतील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याची पद्धत सिद्ध केली आणि यशवंत वाड या सहकाऱ्यासह १९३१ साली तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. काडीकचरा, शेण, मूत्र शोषलेली माती आणि राख यांचे थर देऊन, ठरावीक काळाने ढीग उलथून, सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची ती रीत आजही ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते.

हे सारे मी सासूबाईंना सांगितले, तेव्हा त्यांनी दुकानातील उदाहरण काढले. धान्याला कीड लागल्यावर काय करावे, हा विचार उशिराचा. कीड उपजूच नये म्हणून धान्य वाळवून, झाकून ठेवणे ही खरी जयणा. ढिगाचेही तसेच करावे, असे त्यांचे म्हणणे पडले, आणि आमच्या खताचे सारे नियम त्यातूनच ठरले.

उघड्या, ओल्या लिदीवर माशी अंडी घालते आणि उबदार हवेत आठ-दहा दिवसांत त्यांतून नवी माशी बाहेर पडते. म्हणून आम्ही लीद त्याच दिवशी आणतो आणि त्याच दिवशी ढिगात घालून वर कोरड्या पानांचा वीतभर थर देतो. ढीग लांबी, रुंदी व उंचीला सुमारे एक मीटर असतो. त्याहून लहान ढीग उष्णता धरत नाही. ओल इतकीच ठेवतो, की मूठभर मिश्रण दाबले असता एखाददुसरा थेंब यावा. दुर्गंधी आली तर ओल वाढली किंवा हवा कमी पडली असे समजून कोरडा पेंढा मिसळतो.

चार-पाच दिवसांत ढिगाच्या गाभ्याची उष्णता साठ अंशांपर्यंत चढते. तणांचे बी आणि रोगजंतू या उष्णतेत नष्ट होतात. येथे सासूबाई पुन्हा थबकल्या. सूक्ष्म जीवांची हानी होते, हे मी नाकारले नाही. ती उष्णताही सूक्ष्म जीवांच्याच क्रियेतून उत्पन्न होते. बराच वेळ विचार करून त्या म्हणाल्या, “गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्ण टळत नाही. चूल पेटवतो, तेव्हाही टळत नाही. पण निष्काळजीपणा टाळता येतो. रस्त्यावर पडलेल्या लिदीत जे उपजते आणि चिरडले जाते, त्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. हिची आपण घेऊ.”

त्या घेतलेल्या जबाबदारीचे काही नियम आहेत. पहिले चार आठवडे, ढीग तापलेला असताना, आठवड्यातून एकदा तो उलथतो. निवल्यावर गांडुळे आणि भुंगेरे आपण होऊन येतात. त्यानंतर ढिगाला फावडे लावत नाही. घोड्याला जंताचे औषध दिले असेल, तर त्यानंतरच्या काही आठवड्यांची लीद घेत नाही. कारण आयव्हरमेक्टिनसारखे औषध लिदीतून बाहेर पडते आणि शेणकिड्यांच्या अळ्यांना घातक ठरते. कार्तिकी पौर्णिमेनंतर पहिला ढीग रचतो, आणि फाल्गुनी पौर्णिमेनंतर नवा रचत नाही. त्यामुळे पावसापूर्वी खत तयार होऊन मातीत मिसळते. काही वाहून ओहोळाला जात नाही आणि चातुर्मासात ढीग हलवण्याचा प्रसंगच येत नाही. लिदीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात, म्हणून हातमोजे घालूनच काम करतो आणि घरातील सर्वांनी लस घेतली आहे.

आणखी एक नियम सासूबाईंचा स्वतःचा. लीद फुकट आणायची नाही. नेरळ-कर्जतकडील भातशेतीतला कोरडा पेंढा आम्ही दरवर्षी तबेल्याला पुरवतो. घोडेवाले काका तो अंथरतात आणि भिजलेला पेंढा लिदीसह आम्हाला देतात. घोड्यांना कोरडी जागा मिळते आणि आमच्या मातीला अन्न. हा व्यवहार चोख आहे आणि त्यात कोणावर उपकार नाही.

आज परसातील माती काळसर आणि भुसभुशीत झाली आहे. पहिल्या पावसानंतर पाणी तिच्यावरून धावत नाही, मुरते. लिंबाला बारमाही फळे असतात. गुडघे दुखत असूनही सासूबाई रोज सकाळी ढिगापाशी जातात, पानांचा थर नीट आहे ना ते पाहतात, आणि कोठे लीद उघडी दिसली तर मला हाक मारतात.