मुक्काम व्हिएन्ना, फेरफटका तीन देशांचा

‘दहा दिवसांत सात देश’ असे ठळक अक्षरांत छापलेला सहलीचा कागद ह्यांनी टेबलावर ठेवला. सासूबाईंनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला आणि एकच प्रश्न विचारला, “म्हणजे रोज सकाळी बॅग भरायची का रे?”

त्यांचे वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. रोज पहाटे उठायचे, सामान बसमध्ये चढवायचे, दिवसभर खिडकीतून देश बघायचे आणि रात्री नव्या हॉटेलात नव्या अंथरुणावर पडायचे, हे त्यांना झेपणारे नव्हते. “तुम्ही तिघं जाऊन या. मी घरी बरी,” एवढे बोलून त्या आत गेल्या. मामंजी गेल्यापासून त्या कुठेच निघाल्या नव्हत्या. यंदा त्यांना घेतल्याशिवाय जायचे नाही, हे मात्र मी मनाशी ठरवले होते.

त्या रात्री युरोपचा नकाशा पसरून बसले आणि नजर व्हिएन्नावर थांबली. ऑस्ट्रियाची ही राजधानी देशाच्या मध्यभागी नसून पूर्वेच्या टोकाला आहे. तिथून स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लावा रेल्वेने तासाभरावर, हंगेरीतले शोप्रोन सव्वा तासावर आणि चेक प्रजासत्ताकातले ब्रनो दीड तासावर. मग सात देश कशाला? एकाच गावी बिऱ्हाड करायचे, सकाळी डबा घेऊन शेजारच्या देशात जायचे आणि रात्री आपल्याच पांघरुणात परत यायचे. बेत ऐकून आई म्हणाल्या, “असं असेल तर येते. दमले तर घरी बसेन.”

व्हिसाची अडचण येत नाही. हे चारही देश शेंगेन करारात आहेत. ऑस्ट्रियाचे तिन्ही शेजारी डिसेंबर २००७ मध्ये त्यात सामील झाले. त्यामुळे एकच व्हिसा पुरतो, तोही एकदाच प्रवेश देणारा चालतो. सर्वांत जास्त रात्री जिथे राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, म्हणजे आपल्या बाबतीत ऑस्ट्रियाकडे.

घर बघताना मी भाड्याच्याही आधी लिफ्ट विचारली. व्हिएन्नातल्या जुन्या इमारती दिसायला देखण्या असतात, पण काहींचे जिने चढता चढता देव आठवतो. मुख्य रेल्वे स्थानकाजवळ स्वयंपाकघर असलेली दोन खोल्यांची जागा मिळाली आणि पहिल्याच रात्री मुगाची खिचडी शिजली. इथे नळाचे पाणी थेट डोंगरातल्या झऱ्यांतून येते. ते आणणारा पहिला मोठा जलमार्ग १८७३ साली सुरू झाला. तेव्हा बाटल्या विकत घेऊ नका, घरूनच भरून न्या. रविवारी मात्र दुकाने बंद असतात. दूध-भाजी शनिवारीच आणून ठेवावी, नाहीतर स्थानकातली दुकाने शोधत फिरावे लागते.

कल्याणएवढी परदेशवारी

पहिली फेरी ब्रातिस्लावाची. दोन राजधान्यांमधले अंतर मुंबईच्या सीएसएमटीपासून कल्याणएवढे. उन्हाळ्यात डॅन्यूब नदीतून बोटही जाते, सव्वा तासात पोचवते, पण तिचे भाडे रेल्वेपेक्षा बरेच जास्त. रेल्वेचे जाऊन-येऊन एकच तिकीट काढले, तर ब्रातिस्लावातल्या बस आणि ट्रामही त्यातच येतात. एक लक्षात ठेवा. व्हिएन्नाहून तिकडे दोन मार्गांनी गाड्या जातात. एक मुख्य स्थानकात पोचते, तर दुसरी नदीपलीकडच्या पेत्रझाल्का स्थानकात. आपली गाडी कोणती, ते चढण्याआधी पाहून घ्यावे.

१९१४ साली या दोन शहरांमध्ये विजेची गाडी सुरू झाली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर तो मार्ग तुटला, सीमेवर काटेरी तारा आल्या आणि शेजारचे शहर चाळीस वर्षे परके झाले. हे सगळे मी गाडीत सांगत होते, तेवढ्यात लेकीने विचारले, “आई, बॉर्डर कधी येणार?” ती केव्हाच मागे पडली होती. खिडकीबाहेर शेते तीच, पवनचक्क्या तशाच. फक्त मोबाइलवर नव्या देशाचा संदेश आला होता.

ब्रातिस्लावाचा जुना भाग एवढा लहान आहे की आईंना कुठे घाई करावी लागली नाही. इथल्या सेंट मार्टिन चर्चमध्ये १५६३ ते १८३० या काळात हंगेरीच्या राजांचे राज्याभिषेक होत. १७४१ मध्ये मारिया तेरेसाला इथेच मुकुट चढवला गेला. लेकीला मात्र गटाराच्या झाकणातून डोके बाहेर काढून बघणारा ब्राँझचा माणूस, चुमिल, जास्त आवडला. जेवायला बटाट्याच्या पिठाचे छोटे गोळे आणि मेंढीच्या दुधाचे चीज, म्हणजे ब्रिंझोवे हालुश्की. त्यावर डुकराच्या मांसाचे तुकडे पेरतात, शाकाहारी मंडळींनी ते आधीच नको म्हणून सांगावे.

दुपारी बसने देविनला गेलो. नेपोलियनच्या सैन्याने १८०९ मध्ये सुरुंग लावून उडवलेला हा किल्ला मोरावा आणि डॅन्यूब यांच्या संगमावर उभा आहे. मोरावाच्या पलीकडचा काठ ऑस्ट्रियाचा. एवढीशी नदी पोहून पलीकडे जाऊ पाहणाऱ्या कितीतरी जणांचा साम्यवादी राजवटीत जीव गेला. त्यांचे स्मारक काठावरच आहे. आई किल्ल्यावर चढल्या नाहीत. त्या नदीकाठच्या बाकावर तासभर बसल्या होत्या. परत निघताना म्हणाल्या, “संगम म्हटलं की आपण पाय बुडवतो. इथे लोकांना पाण्यात उतरायलाही बंदी होती गं.”

साड्यांच्या घडीतला पासपोर्ट

दोन दिवस व्हिएन्नातच काढून आम्ही शोप्रोनला निघालो. पहिल्या फेरीत जाताना-येताना कोणीही पासपोर्ट विचारला नव्हता. त्यावरून आईंनी मनाशी काही ठरवले असावे.

शोप्रोन हे टुमदार गाव. डिसेंबर १९२१ मध्ये इथल्या लोकांनी मतदान करून ऑस्ट्रियाऐवजी हंगेरीत राहणे पसंत केले, म्हणून याला ‘सर्वांत निष्ठावंत नगर’ म्हणतात. आज मात्र ऑस्ट्रियाचे लोक इथे मुख्यतः दात दुरुस्त करून घ्यायला येतात. दंतवैद्यांच्या इतक्या पाट्या मी एका गावात कधी पाहिल्या नाहीत. चलन फोरिंट, पण बहुतेक ठिकाणी कार्ड चालते. एका टपरीवर लांगोश खाल्ला. तळलेली मोठी पुरी, वर लसूण, आंबट साय आणि चीज. “हा भटुराच की,” आईंनी निकाल दिला.

टॅक्सीने गावाबाहेर त्या प्रसिद्ध जागी गेलो. १९ ऑगस्ट १९८९ रोजी इथे दोन्हीकडच्या लोकांची सहल भरली होती आणि सीमेवरचे एक फाटक तीन तासांसाठी उघडायचे ठरले होते. सहाशेहून अधिक पूर्व जर्मन नागरिक तिथून धावत पलीकडे गेले. हंगेरीच्या पहारेकऱ्यांचा अधिकारी आर्पाद बेला याने गोळी झाडू दिली नाही. बर्लिनची भिंत पडली ती त्यानंतर तीन महिन्यांनी.

परतीच्या गाडीत आम्ही याच गप्पांत होतो आणि डब्यात ऑस्ट्रियाचे पोलीस शिरले. निर्वासितांचे लोंढे आल्यावर २०१५ पासून या सीमेवर पुन्हा तपासणी होते, हे मी वाचले होते, पण घरात सांगायला विसरले. आमचे तीन पासपोर्ट निघाले. आईंनी पर्स उघडली, मिटली आणि हळूच म्हणाल्या, “अगं, चोरीला जाईल म्हणून मी तो बॅगेत साड्यांच्या घडीत ठेवलाय.”

माझ्या पोटात गोळा आला. नशिबाने सगळ्यांचे पासपोर्ट आणि व्हिसा यांचे फोटो माझ्या मोबाइलमध्ये होते. पोलिसांनी ते पाहिले, क्रमांक कुणाला तरी फोनवर वाचून दाखवला. ती दहा-पंधरा मिनिटे संपता संपेनात. आई पदराचे टोक बोटाला गुंडाळत होत्या, लेक त्यांचा हात धरून बसली होती. शेवटी, “मूळ पासपोर्ट नेहमी जवळ ठेवा,” असे समजावून पोलीस पुढे गेले. दंडही होऊ शकला असता, असे नंतर कळले. त्या रात्री आई जेवल्या नाहीत. “माझ्यामुळे तुम्हाला त्रास. उद्या तुम्हीच जा,” हे पुन्हा सुरू झाले. ह्यांनी समजूत घालायचा प्रयत्न केला, पण उपयोग झाला नाही. मी सुईदोरा काढला आणि जुन्या रुमालाची गळ्यात अडकवायची पिशवी शिवायला घेतली. थोड्या वेळाने त्यांनी ती माझ्या हातातून ओढून घेतली. “टाका असा घालतात होय?”

बुडापेस्टचा मोह मी टाळला. जाऊन-येऊन पाच तासांहून अधिक वेळ गाडीतच जातो. ते शहर दोन-तीन रात्री राहूनच बघावे.

शेवटची फेरी ब्रनोची. इथल्या मठात ग्रेगोर मेंडेल याने १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम शोधले. मठात संग्रहालय आहे. नातीचा हट्टीपणा कुणाकडून आला, यावर आजी आणि ह्यांच्यात तिथेच वाद झाला. संध्याकाळी गाडी सुटली तशी आई ताठ बसल्या, हात गळ्यातल्या पिशवीवर. सीमा गेली, व्हिएन्ना आले, दारे उघडली.

फलाटावर उतरता उतरता त्या जरा नाराजीनेच म्हणाल्या, “आज कोणी बघितलाच नाही गं.”